बाळाच्या पाळण्याला मानक कधी लावणार? ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार.

आईच्या पलंगाला लावून ठेवायचा पाळणा, म्हणजे दुकानदार ज्याला बेडसाइड क्रिब म्हणतात तो, विकत घ्यायला निघालेल्या माणसाला या देशात सक्तीच्या मानकाचा काहीच आधार नाही, म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. निमित्त ताजे आहे. ऑनलाइन मागवलेल्या अशाच एका पाळण्याच्या, पलंगाला बांधायच्या पट्ट्याचा बकल रात्रीत सरकला आणि पलंगाची गादी व पाळणा यांच्यामध्ये चार बोटांची फट पडली. बाळ त्या वेळी आईच्या कुशीत होते म्हणून निभावले. वस्तू परत घेण्याची मुदत उलटली आहे आणि पट्टा ग्राहकाने नीट आवळला नसावा, असे विक्रेत्याने कळवले. पट्टा कसा आवळायचा ते सांगणारा कागद खोक्यात होता. तो चिनी आणि इंग्रजी भाषेत होता.

आपल्या खात्यामागे डाळींच्या भावापासून सोन्याच्या हॉलमार्कपर्यंत शंभर कामे आहेत, हे मान्य आहे. पण भारतीय मानक ब्युरो आपल्याच खात्याखाली येतो. पाळण्याचा प्रश्न घेऊन दुसऱ्या कुणाच्या दारी जायचे?

हा पाळणा चैनीची वस्तू नाही. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घराचे चटईक्षेत्र आता 300 चौरस फूट आहे, आधी ते 269 होते. बीडीडी चाळींतल्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. अशा घरात सव्वाचार फूट लांब, सव्वादोन फूट रुंद असा पूर्ण मापाचा क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्याचा पलंग, मांडला तर कपाटाचे दार उघडत नाही. पलंगाला चिकटणारा तीन फुटी पाळणा तेवढा बसतो. सिझेरियन झालेल्या आईला रात्री तीनतीनदा उठून वाकता येत नाही, तिलाही हाच सोयीचा. डॉक्टर सांगतात तेही याला धरूनच आहे. अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2022च्या मार्गदर्शनानुसार बाळाला किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, पाठीवर निजवावे. म्हणजे कल्पना योग्य आहे. घात होतो तो मापांत, आणि ती मापे तपासायला कुणीही नाही.

सगळ्यात मोठा धोका त्या फटीचा. बाळ सरकत सरकत तिथे जाते, धड खाली घसरते, डोके गादीच्या काठाशी अडकते आणि नाकतोंड गादीत दाबले जाते. महिन्याभराच्या बाळाला मान उचलून वळवता येत नाही. ते रडतही नाही, त्यामुळे हातभर अंतरावर झोपलेल्या आईला जाग येत नाही. म्हणून पलंगाची गादी आणि पाळणा यांत फट अजिबात नको. थोडी चालेल, असे इथे नसते.

आता मुंबईतला पलंग बघा. आपल्याकडे बहुतेक घरांत खाली सामान ठेवायचा पेटीचा पलंग असतो. त्याच्या चौकटीची लाकडी पट्टी गादीच्या बाहेर एक-दीड इंच आलेली असते. पाळणा त्या पट्टीला टेकतो, गादीपर्यंत पोचतच नाही. पट्टा कितीही आवळा, दीड इंचाची खाच उरतेच. कागदावरच्या चित्रात पलंगाला चार पाय आणि उघडी चौकट असते, पट्टा तिच्याभोवती फिरवून घ्यायचा असतो. पेटीच्या पलंगाला पट्टा गुंडाळायला जागाच नाही. तो गादीखालून पलीकडच्या भिंतीपर्यंत न्यावा लागतो आणि सामान काढायला फळी उचलली की सैल होतो. मग लोक त्या खाचेत टॉवेल किंवा दुपट्याची गुंडाळी कोंबतात. ते करू नये. गुंडाळी रात्रीत सुटते आणि बाळाच्या तोंडापाशी मऊ कापडाचा ढीग तयार होतो. चौकट गादीबाहेर येत नसेल तर गादी पाळण्याकडे पूर्ण सरकवावी आणि उरलेली जागा भिंतीकडच्या बाजूला जाऊ द्यावी. येत असेल तर हा पाळणा पलंगाला लावूच नये. चारही बाजू वर करून तो सुटा उभा करावा. हे एकही दुकानदार सांगत नाही, कारण ते सांगायचे बंधन त्याच्यावर नाही.

फट तपासायची रीतही कुणी शिकवत नाही. पट्टा आवळून झाला की पाळणा दोन्ही हातांनी पलंगापासून ओढून बघायचा. मग मोठ्या माणसाने पलंगाच्या त्याच कडेला बसायचे. काथ्याची गादी तग धरते, फोमची गादी कडेला दबते, आणि जी फट आधी दिसत नव्हती ती तेव्हा उघडते. आई पाजायला बसते ती याच कडेला. ही तपासणी रोज झोपण्यापूर्वी करायची. चाकांचे ब्रेक लावलेले असले तरी गुळगुळीत फरशीवर पाळणा सरकतो, आणि पट्ट्याचे लोंबणारे टोक बाळाच्या हाताला लागणार नाही असे बाहेरून बांधून टाकायचे.

उंचीचेही तसेच. ब्रिटनमध्ये लागू असलेल्या ईएन 1130 या 2019च्या युरोपीय मानकाप्रमाणे पलंगाकडची बाजू खाली केली तरी पाळण्याच्या गादीपासून किमान 120 मिलिमीटर उंच कठडा उरलाच पाहिजे. शिवाय पलंगाच्या गादीचा वरचा काठ त्या कठड्याच्या वर जाता कामा नये, नाहीतर मोठ्यांची चादर आणि उशी घसरून पाळण्यात पडते. इथल्या बाजारात एक बाजू पूर्ण उघडी असलेले पाळणे ‘आईची कूस’ म्हणून खपवले जातात. कठडा असला तरी घरी येऊन तो बुटका होतो. पाळण्यासोबतची गादी कडक वाटते म्हणून आजी वर कापसाची गादी घालते. दोन इंचांची गादी घातली की 120 मिलिमीटरचे 70 उरतात, आणि बाळाचा चेहरा रुततो ते वेगळेच. सोबत आलेली पातळ, घट्ट गादीच वापरायची. तिच्या आणि कडेच्या मध्ये दोन बोटे गेली तर ती गादी त्या पाळण्याची नाही, असे समजायचे. राईची उशी, लोड, गोधडी, कडेने बांधायच्या मऊ पट्ट्या, गळ्यातला काळा दोरा, यांतले काहीही झोपताना नको. डोक्याचा आकार उशीने गोल होत नाही. बाळ जागे असताना, आपल्या नजरेसमोर पालथे ठेवल्याने फरक पडतो. बाळाने दूध उलटू नये म्हणून एका बाजूचे पाय उंच करून पाळणा तिरका करायची सोय काही जण जाहिरातीत मिरवतात. अमेरिकेने 2022मध्ये कायदा करून 10 अंशांहून जास्त उताराची बाळांची अंथरुणे आणि पाळण्याच्या मऊ कडा, दोन्हींची विक्री बंद केली. तिरक्या अंथरुणात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते.

गजांचे अंतर 60 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असले तर पाय, मग धड बाहेर जाते आणि डोके आत अडकते. जाळी असेल तर तिची भोके 6 मिलिमीटरपेक्षा लहान आणि जाळी ताणलेली हवी. सैल जाळीची पिशवी होते आणि तोंड तिला चिकटते. डोक्याकडच्या फळीत मोर-पोपट कोरलेले पाळणे बारशाला शोभतात, पण त्या कोरीव भोकांतही मान अडकते. मोठ्या क्रिबमध्ये वरखाली सरकणारी बाजू नको. खिळखिळा झालेला खटका निसटून अशा बाजूंमुळे अमेरिकेत 2000 सालापासून किमान 32 बाळे गेली आणि 28 जून 2011पासून तिथे हे क्रिब विकायला बंदी आली. आपल्याकडे हीच सरकती बाजू आजही सोय म्हणून विकली जाते.

आणि पाऊस. जूनमध्ये एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, फळी ओल धरते, फुगते, स्क्रूचे भोक मोठे होते आणि स्क्रू हाताने निघतो. सप्टेंबरात फळी सुकली तरी भोक पूर्वीचे होत नाही. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून किंवा ओळखीतून जुना पाळणा आणणाऱ्यांनी आधी एवढेच बघावे: लाकडात थेट घुसणारे स्क्रू आहेत की आरपार बोल्ट आणि धातूचा नट. पहिला प्रकार असेल तर घेऊ नये. एखादा खटका किंवा बिजागरी हरवून त्या जागी तार बांधलेली असेल तरी घेऊ नये. जुना रंगही तपासावा. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या, आत असले पाहिजे हा नियम 1 नोव्हेंबर 2017पासून आहे. त्याआधीच्या कठड्याला बाळाचे तोंड लागू देऊ नये. बाळ हातांवर रेटा देऊन उठू लागले किंवा कुशीवर वळू लागले की हा पाळणा बंद करायचा, मग वय चार महिने असो की पाच.

महोदय, एवढे सगळे आईबापांनी स्वतः, टेप हातात घेऊन, बाळंतपणाच्या धावपळीत शोधून काढायचे? बाळाच्या खुळखुळ्यावर 1 जानेवारी 2021पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्या आदेशात पाळणा येत नाही, कारण पाळणा हे खेळणे नाही. ज्या खुळखुळ्याशी बाळ अर्धा तास खेळते त्याची प्रयोगशाळेत चाचणी होते आणि ज्यात ते दिवसातले सोळा तास निजते ते कुणीही कसेही ठोकून विकावे, असा याचा अर्थ होतो. दुधाच्या बाटल्यांसाठी आपल्या संसदेने 1992मध्येच कायदा केला. म्हणजे बाळाच्या वस्तूंवर कायदा करता येत नाही असे नाही. करायचा आहे का, एवढाच प्रश्न आहे.

अधिकार नाहीत असेही नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभे राहिले. धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवायचा अधिकार त्याला आहे. डिसेंबर 2021मध्ये याच प्राधिकरणाने आयएसआय नसलेली हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅस सिलिंडर यांबद्दल देशाला सावध केले होते. कुकरबद्दल सावध करता येते, मग पाळण्याबद्दल का नाही? मानक लिहिणार आपला ब्युरो, ते सक्तीचे करण्याचा आदेश खेळण्यांच्या वेळी काढला वाणिज्य मंत्रालयाने, बाळ दगावले तर आरोग्य खाते, विक्रेता परवाना दाखवणार महापालिकेचा. या चौघांत पाळणा कुणाचा? प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तोवर माल विकून होतो. अमेरिकेत वस्तूंमुळे झालेल्या दुखापती आणि मृत्यू नोंदवले जातात, म्हणून ते 32चा आकडा सांगू शकले. मुंबईत दर वर्षी लाखाच्या वर बाळे जन्मतात. त्यांतली किती पलंगाच्या फटीत गुदमरली हे आपले कुठले खाते सांगेल? ‘झोपेतच गेले’ म्हणून घरच्यांनी डोळे पुसायचे आणि तोच पाळणा महिन्याभराने दुसऱ्या कुणाला द्यायचा, कारण त्यात खोट होती हे त्यांना कधी कळतच नाही. ग्राहकाने जागे राहावे असे सरकार वर्षानुवर्षे सांगत आले आहे. ज्याला बघायलाच काही दिलेले नाही, त्याने जागे राहून काय बघायचे?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. पाळणा, क्रिब आणि पलंगाला लावायचा पाळणा या तिन्हींसाठी मानक सक्तीचे करा, आणि ते आयात मालालाही सारखेच लावा. सरकत्या बाजूचे क्रिब आणि तिरकी अंथरुणे यांविरुद्ध प्राधिकरणाने तातडीने सुरक्षा सूचना काढावी. प्रत्येक पाळण्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष, बॅच क्रमांक आणि बाळाच्या वजनाची मर्यादा निघणार नाही अशी छापलेली हवी, आणि जोडणीचा कागद त्या राज्याच्या भाषेत, चित्रांसह. सुरक्षेचा दोष निघाला तर विक्रेत्याची परतीची मुदत लागू होता कामा नये.

आणि मानक लिहिताना परदेशी पलंगाचे माप उचलू नका. ब्युरोचे कार्यालय अंधेरीत आहे. तिथे पेटीचा एक पलंग आणा, त्यावर एकदा काथ्याची आणि एकदा फोमची गादी घाला, पाळणा लावा, कडेला साठ-सत्तर किलोचा माणूस बसवा आणि पट्टा आठवडाभर तसाच राहू द्या. त्यानंतर फट मोजा. जो पाळणा त्यात उतरेल तोच विकायला परवानगी द्या. ही चाचणी कोणत्या महिन्यात सुरू होईल, त्याचे लेखी उत्तर हवे आहे.

आपली,
एक आई
लालबाग, मुंबई