डीव्हीडी मुकी का होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमळनेरहून धुळ्याकडे जाताना रस्त्यालगतच्या ज्वारीच्या शेतांत, कणसांवर बसणारी पाखरे उडावीत म्हणून दोरीला टांगलेल्या चकचकीत सीडी आपल्या वाचकांनी पाहिल्या असतील. गेल्या हंगामात अशाच एका शेताजवळ थांबलो असता वाऱ्यावर फिरणाऱ्या एका डीव्हीडीवर मार्करने लिहिलेले ‘हळद, भाग २’ हे शब्द दिसले. घरच्या हळदीची डीव्हीडी बांधावर का टांगली, असे विचारल्यावर शेतमालक सहज म्हणाले, “चित्र दिखस, पन आवाज येत नही.” त्यांच्या परवानगीने ती मी भुसावळला घरी आणली, परंतु उन्हाने आणि धुळीने तिची अवस्था अशी झाली होती की कोणत्याही ड्राइव्हला ती वाचता आली नाही. पत्र लिहिण्याचे निमित्त तेच आहे.

रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार खात्यात माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर नातेवाइकांच्या जुन्या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून देण्याचा छंद लागला. तो लागण्याचे कारणही एक मुकी डीव्हीडीच होती. पुतणीच्या लग्नाच्या कॅसेट आम्ही एका मिक्सिंगवाल्याकडे, म्हणजे लग्नाचे चित्रण जोडून डीव्हीडी बनवून देणाऱ्याकडे, दिल्या. त्याने दिलेली डीव्हीडी त्याच्या संगणकावर खणखणीत वाजत होती आणि घरच्या प्लेअरवर मात्र वरमाई नुसतेच ओठ हलवत होत्या. तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा त्या मुलाने संगणकावर लावून दाखवले आणि सांगितले, “काका, तुमचाच प्लेअर जुना झाला, नवा घ्या.” नवा घेतला, आणि तोही गप्पच राहिला.

संगणकावर वाजणे हा पुरावा नव्हे, हे त्या मुलाला कोणी शिकवले नव्हते. संगणकातील व्हीएलसीसारखा प्रोग्राम समोर येईल तो आवाज उलगडून वाजवतो. घरचा प्लेअर मात्र ठरलेल्या नियमाबाहेर जात नाही. आवाज साठवताना त्याचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतात; असे एक मोजमाप म्हणजे एक नमुना. डीव्हीडी व्हिडिओच्या नियमाप्रमाणे आवाजाचे सहसा सेकंदाला ४८,००० नमुने असावे लागतात आणि तो साठवण्याच्या पीसीएम, डॉल्बीचा एसी-३ किंवा आपल्याकडील पाल या टीव्ही पद्धतीत एमपेग लेयर-२ यांपैकी एका स्वरूपात असावा लागतो. ऑडिओ सीडी आणि डीव्हीडीच्या आधीची व्हीसीडी यांचा आकडा वेगळा, ४४,१००. आमच्या डीव्हीडीत त्या मुलाने व्हीसीडीच्या काळातील सवयीने ४४,१०० चाच आवाज भरला होता. असा आवाज मिळाल्यावर काही प्लेअर मुके होतात, तर काही तो ४८,००० समजून घाईने वाजवतात. मग नवरीचा आवाज चिरका होतो आणि तासाभराचा आवाज ५५ मिनिटांतच संपतो.

दुसरा घोटाळा एमपी३चा. प्लेअरच्या खोक्यावर ‘एमपी३’ असे ठळक छापलेले असते, त्यामुळे डीव्हीडी व्हिडिओतही एमपी३ चालेल असा समज होतो. ते छापील आश्वासन गाण्यांच्या फाइलींपुरते असते; चित्रासोबतचा आवाज एमपी३ किंवा मोबाइलमधील एएसी असेल, तर डीव्हीडीच्या नियमात तो बसत नाही.

यावर उपाय कठीण नाही. संगणकावर व्हीएलसीमध्ये चित्र चालू ठेवून कंट्रोल व जे ही बटणे दाबली की आवाजाचे स्वरूप आणि नमुन्यांचा दर समोर दिसतो. तेथे ४८,००० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने) आणि वर सांगितलेल्या तीनपैकी एक स्वरूप दिसले नाही, तर चित्राला हात न लावता केवळ आवाज एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने बदलून घ्यावा आणि चित्राशी पुन्हा जोडून नव्या कोऱ्या डीव्हीडीवर लिहावा. पुतणीच्या लग्नाचा आवाज असाच परत आला.

मात्र संगणकाकडे धावण्यापूर्वी प्लेअरच्या मागे एकदा वाकून पाहावे. एका मावशींनी त्यांच्या दिवंगत सासूबाईंच्या आवाजातील, आमच्या खानदेशातील देवी कानबाईची गाणी असलेली डीव्हीडी आणली होती. आवाज अजिबात नाही, म्हणून घरात सगळे हळहळत होते. मूळ कॅसेट भरताना एकच पिन लावलेली असल्याने सगळा आवाज डाव्या बाजूला गेला होता, आणि त्यांच्या जुन्या टीव्हीला आवाजासाठी एकच भोक असल्यामुळे कोणीतरी त्यात लाल, म्हणजे उजवी पिन खुपसून ठेवली होती. लाल काढून पांढरी लावली, आणि ढोलकीच्या आधी त्या आजींचा खाकरण्याचा आवाज आला. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. माझे काम मात्र अर्ध्या मिनिटाचे होते. रिमोटवर ‘ऑडिओ’ किंवा ‘एल/आर’ असे बटण असते, तेही दाबून पाहावे. एका बाजूला संगीत आणि दुसऱ्या बाजूला गाणे अशा कराओके व्हीसीडींसाठी दिलेले ते बटण चुकून दाबले जाते आणि अर्धा आवाज नाहीसा होतो.

बँड ऐकू येतो पण भटजींची मंगलाष्टके ऐकू येत नाहीत, अशीही तक्रार येते. डीव्हीडीत पाच-एक (५.१), म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांसाठी वेगवेगळा केलेला, आवाज असेल तर बोलणे बहुधा मधल्या स्पीकरसाठी राखलेले असते. प्लेअरच्या सेटअपमध्ये पाच-एक निवडून ठेवले असेल आणि टीव्हीला दोनच पिना गेल्या असतील, तर तो मधला आवाज कुठेच पोचत नाही. ‘डाउनमिक्स’ या पर्यायात ‘स्टिरिओ’ निवडले की भटजी बोलू लागतात. होम थिएटरला डिजिटल केबल लावली असेल आणि त्या अ‍ॅम्प्लिफायरला डॉल्बी उलगडता येत नसेल, तर ‘रॉ’ ऐवजी ‘पीसीएम’ निवडावे.

आवाज येतो पण मागेपुढे येतो, हे दुखणे अधिक चिवट आहे. ते ओळखण्यासाठी मी डीव्हीडीतील दोन प्रसंग पाहतो: सुरुवातीला ढोलावर पडणारी टिपरी आणि शेवटी पाठवणी. दोन्ही ठिकाणी चूक सारखीच असेल, तर आवाज तेवढे मिलिसेकंद मागेपुढे सरकवून काम भागते. टिपरी जुळते आणि पाठवणीत मात्र रडण्याचा आवाज चेहऱ्याच्या आधी येतो, असे असेल तर दोष कॅसेट भरतानाचा असतो. पुष्कळदा कॅसेटवरचे चित्र संगणकातील कॅप्चर कार्डातून घेतात आणि आवाज साउंड कार्डातून. या दोघांची घड्याळे वेगळी असतात. साउंड कार्ड सेकंदाला ४४,१०० ऐवजी ४४,०८० नमुने घेत असेल, तरी तासाभरात दीड सेकंदाहून अधिक तफावत पडते. अशा वेळी आवाज सरकवून उपयोग नाही. चित्राच्या लांबीइतका तो ताणावा किंवा आकसावा लागतो. मध्येच एका जागी उडी पडत असेल, तर भरताना चित्राच्या काही फ्रेम (एकामागून एक येणारी स्थिर चित्रे) गळाल्या असे समजावे, आणि मूळ कॅसेट शिल्लक असेल तर सरळ पुन्हा भरून घ्यावे.

मूळ कॅसेट शिल्लक असेल तर, हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. अनेक ठिकाणी डीव्हीडी दिल्यावर ‘आता हिचे काय काम’ म्हणून कॅसेट ठेवून घेतात, पुसून पुन्हा वापरतात किंवा भंगारात देतात. आमच्या जिल्ह्यातील सर्व मिक्सिंगवाल्या मंडळींना माझी विनंती आहे की, दुकानात एक साधा, स्वस्त डीव्हीडी प्लेअर आणि जुना टीव्ही ठेवावा, ग्राहकाला देण्यापूर्वी डीव्हीडी त्यावर आरंभी, मध्ये आणि शेवटी लावून पाहावी, ती फायनलाइज केलेली, म्हणजे इतर प्लेअरवर वाचता यावी म्हणून लिहिण्याचे काम पूर्ण करून बंद केलेली, असल्याची खात्री करावी आणि ग्राहक घरी बघून होकार देईपर्यंत कॅसेटला हात लावू नये. ग्राहकांनीही आपली कॅसेट आठवणीने मागून घ्यावी. दिवाळीच्या आवराआवरीत मुक्या डीव्हीडी सापडल्या, तर बांधावर टांगण्यापूर्वी निदान पांढरी पिन लावून पाहावी.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ