देठावरचे काटे काढणाऱ्या काकांना

काका,

तुमच्यासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, "बरं ते राहू दे, पानांवरची भुरी गेली का?" असं विचारता आणि माझं बोलणं तसंच राहतं. म्हणून आज लिहूनच टाकते, तेही सगळ्यांसमोर, कारण हे चार लोकांना कळायलाच हवं.

काचबिंदूने आईची नजर गेली त्याला आता चार वर्षं झाली. आधी ती तासन् तास झाडांत असायची, नंतर हळूहळू बागेत यायचीच बंद झाली. एकदा सहज म्हणाली, गुलाबाचा वास घेऊन किती दिवस झाले गं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग मी रोपं आणायला लागले. दोन वर्षांत तीन. प्रत्येक वेळी मी स्पष्ट सांगायचे की रंग कसाही चालेल, आकार कसाही चालेल, फक्त वास हवा, घरी दिसत नसलेलं माणूस आहे. आणि प्रत्येक वेळी समोरचा रोपवाला लेबलवरचा फोटो दाखवून "एकदम सुगंधी आहे मॅडम" म्हणायचा. फुलं आली, हाताच्या ओंजळीएवढी आली, लालभडक, आणि वास शून्य. आई नाकाशी धरून म्हणायची "छान आहे हो", आणि ती माझ्यासाठी म्हणतेय हे मला कळायचं. परत विचारायला गेले तर उत्तर काय मिळालं, आजकालच्या गुलाबांना वास नसतोच, एवढंच असेल तर अत्तर शिंपडा त्यावर. हे शब्द मी अजून विसरलेले नाही. ज्याला चार पैशांच्या विक्रीपुढे समोरच्याची गरज दिसत नाही त्याने झाडं तरी का विकावीत?

तिसऱ्या रोपाचं तर काय सांगू. ते दणादण वाढलं, मी खूश, पाणी घालतेय, खत घालतेय. तुम्ही कंपाउंडच्या पलीकडून दोन दिवस बघत होतात, तिसऱ्या दिवशी विचारलंत, "येऊ का आत?" गुडघ्यावर बसून बुंध्याची माती बोटाने बाजूला केलीत आणि माझं बोट धरून त्या गाठीवर ठेवलंत. म्हणालात, हा भरलेला डोळा, म्हणजे रानटी गुलाबाच्या खोडात बसवलेला चांगल्या गुलाबाचा कोंब, याच्या वरून फुटेल तो तुमचा गुलाब, याच्या खालून फुटेल तो रानटी, आणि तुम्ही सहा महिने रानट्यालाच पोसताय. कलम केव्हाच मेलं होतं. इतकी रोपं विकणाऱ्यांपैकी एकानेही ही गाठ मला दाखवली नव्हती.

त्याच वेळी आई आतून विचारत होती कोण आलंय. मी तुम्हाला वासाचं सगळं सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत, "बरं" म्हणालात आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव नुकतं सुकलं होतं तेव्हा तुम्ही दारात. हातात एक अर्धवट उमललेलं फूल, लांब देठाचं. तुम्हाला वाटलं असेल माझं लक्ष नाही, पण मी खिडकीतून बघत होते. बेल वाजवायच्या आधी तुम्ही तिथेच उभं राहून देठावरचे काटे काढत होतात. एकेका काट्याला अंगठ्याने आडवा जोर देऊन, तो टक् करून सुटेपर्यंत, कारण गुलाबाचा काटा सालीवरच असतो, लाकडातून आलेला नसतो, हेही तुम्हीच नंतर शिकवलंत. सगळे काढून झाल्यावर स्वतःचा अंगठा वरून खाली फिरवलात, मग खालून वर. पानाच्या देठामागे एक बारीकसा राहिला होता, तोही काढलात. मग बेल वाजवलीत.

काका, मी स्वतः आईला इतकी फुलं दिली, पण देठ कधी तपासला नव्हता. ती धरायची जपून, दोन बोटांनी, पुष्कळदा टोचायचंही, बोलायची नाही. त्या दिवशी तिने पहिल्यांदा गुलाब अख्ख्या मुठीत धरला. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हा खरा." तुम्ही तिला सांगत होतात, "वहिनी, डबल डिलाइट म्हणतात याला, 1977 सालचं वाण आहे, मधे सायीसारखा रंग आणि कडा लाल, आणि ऊन लागेल तशी लाली आत आत चढत जाते." ती मान हलवत होती, जणू बघतेय.

माणसाची पारख मोठ्या मदतीत होते असं म्हणतात, मला आता तसं वाटत नाही. मोठी मदत दिसते, तिचं नाव होतं. कुणी बघत नसताना दुसऱ्याच्या बोटांचा विचार करणं, हे कुठून येतं कोण जाणे, पण ज्यांच्यात असतं त्यांच्यामुळे घरं उभी राहतात असं मला मनापासून वाटतं.

नंतर मी बरंच वाचलं. गुलाबांना वास नसतोच हे धडधडीत खोटं आहे. दुकानातल्या फुलांच्या बाबतीत गोष्ट वेगळी, तिथे फूल किती दिवस टिकतं आणि प्रवास किती झेपतो याकडे बघून वाणं निवडली गेली आणि त्यात वास मागे पडला. 2015 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी पापा मेइयाँ हा सुवासिक आणि रूज मेइयाँ हा बिनवासाचा असे दोन गुलाब शेजारी ठेवून तपासले, तर वास तयार करण्यात एका एन्झाइमचा, म्हणजे पेशीत रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा, मोठा हात निघाला, आणि बिनवासाच्या गुलाबात त्याचं जीन जवळपास गप्पच होतं. म्हणजे वाण निवडतानाच सगळं ठरतं, आणि तुम्ही एका वाक्यात सांगितलं होतंत तेच खरं, फोटो बघून रोप घेऊ नका, झाडावरचं फूल हुंगून घ्या, तेही सकाळी. मी वेडी संध्याकाळी कामावरून आल्यावर आईला फुलं द्यायचे, दिवसभराच्या उन्हावाऱ्याने उरलासुरला वासही उडालेला असायचा.

तुम्ही स्वतः डोळा भरून दिलेलं रोप आता कमरेएवढं झालंय. किती फेऱ्या मारल्यात त्याच्यासाठी तुम्ही, ते मोजत बसत नाही. आई रोज सकाळी भिंतीला हात लावत एकटी तिथपर्यंत जाते. चार वर्षांनी. झाडाच्या दोन पावलं आधीच थांबते, म्हणते, आला.

काल तिने एक कळी बोटांनी चाचपून पाहिली, सैल लागली, म्हणाली उद्या उमलेल. आज सकाळी उमलली. मी कापून दिली तर देठ हातात घेऊन ओट्यावर बसली आणि मला हातही लावू देईना. अंगठ्याने आडवा जोर देत एकेक काटा काढतेय, मधेच वरून खाली बोट फिरवून बघतेय. भाऊजींना द्यायचंय म्हणते. ऊन चढायच्या आत या.