अर्थ नसलेल्या राशीचे उत्तर कसे मागता?

महोदय,

अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘सी’ ही संगणकभाषा शिकवताना दरवर्षी खटकणारी एक गोष्ट यंदा माझ्या एका विद्यार्थिनीला थेट भोवली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सत्र परीक्षेत दोन गुणांसाठी प्रश्न होता: ‘क’ या चलाची किंमत ५ असताना ‘++क + ++क’ या राशीचे उत्तर काय येईल? ‘सी भाषेच्या प्रमाणकानुसार या राशीला अर्थ नाही, त्यामुळे उत्तर सांगता येणार नाही,’ असे तिने लिहिले. (प्रमाणक म्हणजे भाषेचे नियम ठरवणारा अधिकृत दस्तऐवज.) आदर्श उत्तरपत्रिकेत १४ हा आकडा होता. तिला शून्य मिळाले आणि पुनर्मूल्यांकनातही ते तसेच राहिले.

तिचे उत्तर बरोबर आहे. ‘++क’ म्हणजे चलाची किंमत एकने वाढवून ती वाढलेली किंमत घेणे. डावीकडचे पद पूर्ण करून मग उजवीकडचे घेतले, तर ६ आणि ७ मिळून १३ होतात. दोन्ही वाढी आधी उरकून मग बेरीज केली, तर ७ आणि ७ मिळून १४. आमच्या प्रयोगशाळेत जीसीसी या कंपायलरने, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या साधनाने, १४ दिले आणि क्लँगने १३, आणि दोघांपैकी एकाचीही चूक नाही. एकाच राशीत एका चलाची किंमत अशी क्रम न ठरवता दोनदा बदलली, तर त्या प्रोग्रामच्या वर्तनाबद्दल आम्ही काहीही सांगत नाही, असे सीचे प्रमाणक स्पष्टपणे म्हणते. १९९० आणि १९९९ च्या आवृत्त्यांत हा नियम होता. २०११ मध्ये त्याची शब्दयोजना बदलली, निष्कर्ष बदलला नाही. जावा भाषेत मात्र पदे डावीकडून उजवीकडे घ्यायची असा नियमच आहे, त्यामुळे तिथे उत्तर निश्चितपणे १३ येते.

शाळेच्या व्याकरणात आपण वाक्यविचार शिकतो, पण वाक्याची रचना शुद्ध असली म्हणजे त्याला अर्थ असतोच असे नाही. संगणकभाषांच्या बाबतीत अल्गोल या संगणकभाषेच्या १९६० च्या अहवालाने रचनेचे नियम गणिती काटेकोरपणे मांडले, अर्थ मात्र साध्या इंग्रजी गद्यातच सांगितला. ती उणीव भरून काढण्याचे काम पुढच्या दशकात झाले. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रामबद्दलची विधाने तर्काने सिद्ध करण्याची रीत दिली. ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर स्ट्रेची आणि डेना स्कॉट यांनी त्याच सुमारास त्याहून मूलभूत प्रश्न हाती घेतला: प्रोग्राम हे नेमके कोणत्या गणिती वस्तूचे नाव आहे?

त्यांचे उत्तर बारावीच्या गणिताने सुरू होते. कोणत्या चलात कोणती किंमत आहे याच्या नोंदीला स्थिती म्हणा. मग प्रत्येक आज्ञा म्हणजे एका स्थितीवरून दुसरीवर नेणारे फलन, आणि एकापाठोपाठ दिलेल्या दोन आज्ञा म्हणजे संयुक्त फलन. संपूर्णाचा अर्थ भागांच्या अर्थांवरून ठरतो. अडचण येते ती पुनरावृत्तीपाशी, कारण ‘अट खरी असेल तोवर हे करत राहा’ या आज्ञेचा अर्थ सांगताना तोच अर्थ पुन्हा समीकरणाच्या उजव्या बाजूला येतो. अट कायमच खरी असेल आणि आत करायचे काहीच नसेल, तर समीकरण उरते ‘फ = फ’, आणि जगातले कोणतेही फलन त्याची उकल ठरते! स्कॉट यांनी फलनांची क्रमवारी ती किती माहिती देतात यावरून लावली, आणि अशा समीकरणाची सर्वांत कमी माहिती देणारी उकल हाच पुनरावृत्तीचा अर्थ मानला. न थांबणाऱ्या प्रोग्रामसाठी ती उकल म्हणजे कुठेच उत्तर न देणारे फलन. यंत्रावर दिसते तेही हेच. इतके नेमके गणित मी क्वचितच पाहिले आहे.

आता याच पद्धतीने बेरजेचा नियम लिहायला बसा. ज्या राशीत ‘++क’ आहे ती किंमत देतेच, शिवाय स्थितीही बदलते. म्हणून उजवे पद कोणत्या स्थितीत मोजायचे, हे लिहिल्याशिवाय नियम पुरा होत नाही. आमच्या परीक्षेतला प्रश्न इथेच गळून पडतो. विद्यार्थ्याने हा नियम एकदा स्वतःच्या हाताने लिहिला, की कंपायलरच्या पडद्यावरचा आकडा म्हणजे प्रोग्रामचा अर्थ, हा समज त्याच्या मनात टिकत नाही.

याचा व्यवहारात उपयोग काय, असे सहकारी विचारतात. झेवियर लेरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये कॉम्पसर्ट हा सीचा कंपायलर तयार केला. मूळ प्रोग्रामचा अर्थ भाषांतरात बदलत नाही, हे त्याबाबत संगणकाने तपासलेल्या सिद्धतेने दाखवले आहे. त्यासाठी आधी सीचा अर्थ गणितात लिहून काढावा लागला. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत निरनिराळ्या कंपायलरांत ३२५ हून अधिक नवे दोष सापडले. कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या गाभ्यात मात्र चुकीचे भाषांतर करणारा एकही दोष मिळाला नाही.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी दुसऱ्या वर्षात निदान आठ-दहा तास एका छोट्या भाषेच्या अर्थविचाराला द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलाखतींत हेच प्रश्न विचारणाऱ्या कंपन्यांनीही आपल्या प्रश्नसंचांकडे एकदा पाहावे. त्या विद्यार्थिनीच्या दोन गुणांसाठी मी प्रमाणकातले संबंधित कलम जोडून लेखी अर्ज केला आहे. त्याचा निर्णय होईल तेव्हा होईल. येत्या सत्राच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी मात्र असा प्रश्न घालण्यापूर्वी ते कलम वाचावे. दोन कंपायलरांवर एकच आकडा आला, तरी तेवढे पुरेसे नाही.

– संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक, सांगली