किडा दिसला की लगेच चापट आणि स्प्रे कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किड्यांचे फोटो यायला लागतात. बाथरूममधला कोळी, मोरीतली गोम, बाल्कनीत गोल वेटोळं करून पडलेला पैसा किडा, आणि खाली धडाधड मेसेज, ईईई, मारा आधी, पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करा. किळस वाटते ते मला मान्य आहे, झुरळ उडून अंगावर आलं की कुणीही किंचाळेल. पण किळस आल्यावर आपण घाबरून जे काही करतो ना, त्यानं कितीतरी वेळा त्या किड्यापेक्षा जास्त त्रास होतो आणि ह्याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून हे पत्र.

आता बघा, पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती एक बारीक किडा येतो, मुंगीपेक्षा जरासा मोठा, अंगावर काळे आणि नारिंगी पट्टे. इंग्रजीत त्याला रोव्ह बीटल म्हणतात. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण मानेवर काहीतरी वळवळलं की आपला हात आपोआप तिथे जातो, चापट बसते, किडा चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं. त्या वेळी काहीच कळत नाही, एक-दोन दिवसांनी लाल पट्टा उठतो, आग होते, पाणी भरलेले फोड येतात. कोपराच्या घडीत चिरडला तर घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सारखेच डाग उठतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, कोळी मुतला असेल! कोळ्याचा त्यात काहीच संबंध नसतो. तो किडा फुंकर मारून उडवला किंवा कागदावर घेऊन बाजूला केला, जागा साबणाने धुतली, की विषय संपतो. डोळे मात्र त्या हाताने चोळायचे नाहीत. आणि झोपताना खिडकीजवळचा दिवा बंद ठेवला तर तो सहसा आत येत नाही. इतकी साधी माहिती घरोघरी का नसावी?

कोळ्याचंही तेच. भिंतीवर जो तळहाताएवढा चपटा तपकिरी कोळी दिसतो तो जाळं विणत नाही, रात्री हिंडून झुरळं पकडून खातो. कधी नीट बघितलंत तर मादीने पोटाखाली पांढरी चपटी पुडी धरलेली दिसते, त्यात तिची अंडी असतात, ती पुडी घेऊनच ती फिरते. दिसायला भयंकर आहे हे खरं, पण माणूस दिसला की तोच आधी कपाटामागे पळतो. त्याला मारून मग झुरळांसाठी स्प्रे आणायचा हे काय गणित आहे? पैसा किडा तर कुजलेला पालापाचोळा खाऊन जगतो, सुपलीत घ्या आणि कुंडीत सोडा. गोम मात्र चावते आणि चांगलंच दुखतं, तिला हात लावू नका, पण म्हणून ती रात्री कान शोधत फिरते असं नाही. तिला ओल हवी असते, मोरीची जाळी बसवा, ओली पायपुसणी वाळवा.

सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे विषं. ओट्यावर भाज्या उघड्या, मूल तिथेच खेळतंय, आणि एका झुरळामागे अर्धा डबा स्प्रे. बहुतेक स्प्रेमधला गॅस पेट घेतो तरी लोक पेटत्या शेगडीशेजारी मारतात. घरात फिश टँक असेल तर मासे मरू शकतात, मांजरांनाही ती रसायनं बाधतात. झुरळांवर खरं काम जेलचं, ट्रॉलीच्या बिजागरीशी आणि सिंकखाली बारीक ठिपके लावायचे, झुरळ ते खाऊन फटीत जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा नि मढं खाऊन बाकीचीही मरतात. त्याच जागी वर स्प्रे मारलात तर ती जेलकडे फिरकत नाहीत. त्याच्या जोडीला रात्री सिंक कोरडं ठेवायचं आणि दुकानातून आलेले खोके घरात साठवायचे नाहीत.

आणि ढेकणांना कंटाळून काही लोक धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गादीखाली ठेवतात, हे तर अक्षरशः जीवघेणं आहे. हवेतल्या दमटपणानेच त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, फटीतून शेजारच्या घरातसुद्धा जातो आणि त्यावर उतारा नाही. अशाने लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. ह्या गोळ्या सर्वसामान्य लोकांना विकायच्याच नाहीत असा नियम असताना त्या कुणालाही मिळतात, ह्याचा राग येतो मला.

अजून एक. मुलं आपल्याकडे बघून शिकतात, आई पलंगावर चढून ओरडली की मूल कोळी न बघताच घाबरतं. त्याच मुलाला काचेचा ग्लास आणि पोस्टकार्ड देऊन कोळी बाहेर कसा सोडायचा हे दाखवलं तर ते दहा प्रश्न विचारतं.

माझी विनंती एवढीच की दरवर्षी मे अखेरीस आपल्या आरोग्य पुरवणीत अर्धं पान ह्यासाठी द्यावं, घरात येणाऱ्या किड्यांचे रंगीत फोटो, कोणता निरुपद्रवी, कोणाला हात लावायचा नाही, चिरडला तर काय करायचं, आणि त्या गोळ्यांचा इशारा मोठ्या अक्षरात. आमच्या लिफ्टशेजारच्या बोर्डावर ते कात्रण लावायची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली