अंदमान की लक्षद्वीप? मुग्धाला पत्र

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोलले असते, पण स्पीकर लागला की बाबा मागून "अंदमान, अंदमान" करत राहतात आणि माझं म्हणणं अर्ध्यावरच राहतं. म्हणून लिहायला बसले. तू पाठवलेले दोन्ही बेत वाचले. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, पाच रात्री, आपण पाच जण. त्यातला एक सव्वापाच वर्षांचा, आणि एकाचे गुडघे पासष्टीचे. फोटोंवरून काही ठरवू नकोस, निळं पाणी दोन्हीकडे तेवढंच निळं आहे.

पहिली गोष्ट सूर्याची. हसू नकोस, तीस वर्षं भूगोल शिकवलाय. श्री विजयपुरम, म्हणजे आपलं जुनं पोर्ट ब्लेअर, जवळपास ९३ रेखांशावर आहे आणि लक्षद्वीपचं अगत्ती बेट ७२ वर. फरक वीस अंशांचा. अंशाला चार मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटं झाली. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात अंदमानला पाचाच्या सुमारास सूर्य बुडतो, अगत्तीला साडेसहाच्या जवळपास. आता ओजसचं बघ. दुपारी दोनला झोपला की साडेचारशिवाय हलत नाही. उठून, कुरकुर करून, दूध पिऊन, पोहायची चड्डी सापडून पाण्यापाशी पोचेपर्यंत अंदमानात दिवेलागण. पहाटे साडेपाचला तिथे उजाडतं हे खरं, पण सुट्टीत निखिलला त्या वेळी उठवणार कोण?

सूर्यास्तावरून आठवलं. शाळेतल्या आम्ही आठ जणी गेलो होतो तेव्हा सहलवाल्यांनी कार्यक्रमपत्रिकेत ठसठशीत छापलं होतं, 'राधानगर किनाऱ्यावरील सुप्रसिद्ध सूर्यास्त'. सकाळी बोटीनं हॅवलॉकला नेलं, दुपारच्या बोटीनं परत आणलं. सूर्य डोक्यावर आणि आम्ही आठही जणी धक्क्यावर रांगेत उभ्या. विचारलं तर तो पोरगा म्हणतो, "मॅडम, किनारा तर दाखवला ना!" तो किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्त खरंच देखणा असणार, पण त्यासाठी रात्री त्याच बेटावर मुक्काम हवा. तुझ्या बेतातही स्वराज द्वीपापुढे 'एक दिवसाची सहल' लिहिलंय. स्वराज द्वीप म्हणजे तेच हॅवलॉक, २०१८ मध्ये नाव बदललं. मला तोच छापील कागद आठवला.

अंदमानात बघायला खूप आहे, आणि घोळ तोच आहे. एक बेट, मग बोट, मग दुसरं बेट. दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरा, ओले कपडे पिशवीत कोंबा, तासभर आधी धक्क्यावर जाऊन बसा. वारा सुटला की बोटी रद्द. आणि बाराटांगचा दिवस तर तू खोडूनच टाक. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा करून सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. नियम ठीकच आहेत. पण काचेला नाक लावून बसलेल्या त्या गाडीभर माणसांत मीही होते, त्याची मला अजून लाज वाटते.

राहता राहिलं बाबांचं सेल्युलर जेल. त्यांना ते बघायचंय, आणि बघायलाच हवं. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ते बांधत होते. सात इमारती, चाकाच्या आऱ्यांसारख्या मधल्या मनोऱ्याला जोडलेल्या. आता तीनच उरल्यात. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसूच नये. सावरकर बंधू दोघंही तिथेच होते, तरी बराच काळ एकमेकांची गाठ नाही. पण माझ्या डोक्यात बसलीय ती कोठडीची कडी. दाराचा अडसर लांबच लांब आहे आणि त्याचं टोक बाजूच्या भिंतीत केलेल्या खोबणीत जातं. गजांतून हात बाहेर काढला तरी तिथवर पोचत नाही. मी आत उभी राहून काढून बघितला. चार बोटं कमी पडली. आठही जणी त्यानंतर बराच वेळ गप्प होतो. आता सांग, ओजस तिथे काय करेल? लपाछपी खेळेल. त्याला दहा-बारा वर्षांचा होऊ दे, मग मीच घेऊन जाईन, बाबांनाही आणि त्यालाही.

म्हणून माझं मत लक्षद्वीपला. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान जाऊन आले तेव्हापासून सगळ्यांना ते नाव माहीत झालंय, तरी मुळात ते केवढं आहे हे कुणी बघत नाही. ३६ बेटं, आणि सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर. माणसं राहतात ती दहांवर. अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे माथे, त्यामुळे तिथे जंगल आहे, चढउतार आहे. हे नुसतं प्रवाळानं बांधलेलं. दूरवर प्रवाळाची कड, लाटा तिथेच फुटतात, पांढरी रेघ दिसते फक्त, आणि अलीकडे संथ उथळ पाणी, त्यालाच लगून म्हणतात. ओजस कमरेइतक्या पाण्यात तासन्‌तास बसेल. हात धरून कोणीतरी हवंच, पण जीव मुठीत धरायला नको. मी संध्याकाळी अशीच पाण्यात बसले होते, पायाला काहीतरी मऊ लागलं. साप समजून किंचाळले. समुद्रकाकडी नावाचा समुद्रातला जीव निघाला, काळा, जाडजूड, वाळूत निवांत पडलेला. किनाऱ्यावरची पोरं किती हसली! बाबा अजून चिडवतात.

मात्र जहाजानं जायचं नाही. २०११ मध्ये आम्ही कोचीहून जहाजानं गेलो होतो. जहाज लगूनमध्ये शिरू शकत नाही, बाहेर खोल पाण्यातच थांबतं. बेटावर जायला पोटातल्या दारातून छोट्या होडीत उतरायचं. होडी क्षणात दाराच्या बरोबरीला, क्षणात हातभर खाली. दोन खलाशी दंड धरून उभे, ते "हां!" म्हणाले की पाऊल टाकायचं. बाबा तेव्हा पन्नाशीचे होते तरी दोनदा पाय मागे घेतला. आता ते जमणार नाही, आणि ते कबूलही करणार नाहीत. कोचीहून अगत्तीला छोटं विमान जातं, दीडेक तासात. तेच घ्या. खिडकी ओजसला द्या. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना समुद्रच दिसतो. आणि पाचही रात्री अगत्तीतच राहू या, बेटाबेटांवर हिंडायला नको.

काय नाही तेही ऐक. बाजार नाही, दारू नाही (निखिलला आधीच सांगून ठेव), रात्री करायला काही नाही. गाव साधं, बहुतेक वस्ती मुसलमान. पोहायचे कपडे पाण्यापाशीच, गावातून फिरताना अंगभर. नदी-ओढा एकही नाही, तेव्हा आंघोळीला बादलीभर पाणी बास. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायची सोय तिथे आहे आणि ती मला फार आवडली: वरचं कोमट पाणी हवेचा दाब कमी करून उकळायचं आणि तीन-साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या गार पाण्यानं ती वाफ थंड करायची. २००५ साली कवरत्तीत, म्हणजे लक्षद्वीपच्या राजधानीच्या बेटावर, सुरू झालं, पुढे अगत्तीतही. ओजसला मी वाटी-झाकण घेऊन दाखवेन.

आता घाई कर. तिथे जायला आपल्यालाही परवाना लागतो, अंदमानसारखं तिकीट काढलं आणि निघालो असं होत नाही. खोल्या मोजक्या, विमानात जागा मोजक्या. दिवाळीपर्यंत परवाना आणि तिकिटं दोन्ही हातात नसली तर सरळ अंदमान घे, पण मग नीट घे: दोन रात्री शहरात, तीन रात्री स्वराज द्वीपावर, बाकी सगळं खोड. ओजसच्या झोपेचं तेव्हा बघू.

निघताना त्याचे खिसे तपासायचं माझ्याकडे. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, आणायचा नाही, कायदाच आहे. आणि तुझ्या बाबांचेही खिसे तपासावे लागतील, मागच्या वेळी विमानतळावर काय झालं ते त्यांनाच विचार.

तुझी,
आई

ता. क. अंदमान नाही हे बाबांना तू सांग. मी सांगितलं तर दोन दिवस पेपरमागून बोलतील.