बिलियर्ड्सचा खराखुरा व्हिडिओ गेम हवा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलांच्या हातातल्या मोबाइल गेमबद्दल वर्तमानपत्रांत वरचेवर पत्रे येतात आणि बहुतेकांचा सूर ‘हे बंद करा’ असाच असतो. मी नेमकी उलट मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एक गेम नव्याने तयार व्हावा, तो बिलियर्ड्सचा असावा, टेबलावर चेंडू जसा वागतो तसाच तो पडद्यावरही वागावा, आणि जमल्यास हे काम गोव्यातच व्हावे. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे आणि संध्याकाळी क्लबात बिलियर्ड्स खेळतो, त्यामुळे या मागणीत माझा थोडा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो.

बिलियर्ड्स म्हणताच अनेकांच्या डोळ्यांपुढे स्नूकर किंवा पूल येतो. मी म्हणतो तो खेळ अवघ्या तीन चेंडूंचा आहे: एक पांढरा, एक पिवळा (हे दोन खेळाडूंचे एकेक), आणि एक लाल. लाल चेंडू पॉकेटमध्ये घातला तर ३ गुण, आपला चेंडू लाल चेंडूला लागून स्वतःच पॉकेटमध्ये गेला तर त्या इन-ऑफचेही ३, प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूच्या बाबतीत हेच केले तर २, आणि एकाच फटक्यात आपला चेंडू दोन्ही चेंडूंना लागला तर कॅननचे २. वैयक्तिक खेळात भारताला पहिले विश्वविजेतेपद मिळवून दिले ते याच खेळाने. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात ते जिंकले आणि १९६४ साली पुन्हा मिळवले. पुढे मायकेल फरेरा तीनदा हौशी विश्वविजेते झाले, गीत सेठी यांनी १९९२ च्या व्यावसायिक विश्वविजेतेपद स्पर्धेत १२७६ गुणांचा ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) केला, आणि पंकज अडवाणी यांच्या विश्वविजेतेपदांची मोजदाद ठेवणे तर आता वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांनाही जड जात असेल. एवढी परंपरा असलेल्या खेळाचा एकही नाव घेण्याजोगा भारतीय व्हिडिओ गेम असू नये, याचे मला नवल वाटते.

चांगले गेम मुळीच झाले नाहीत असे नाही. १९९५ साली संगणकावर आलेल्या ‘व्हर्च्युअल पूल’ने चेंडूंच्या हालचालीचे गणित गांभीर्याने घेतले होते. २०१९ च्या ‘स्नूकर १९’ मध्ये खरे व्यावसायिक खेळाडू आणि स्पर्धांची खरी सभागृहे पडद्यावर आली. परंतु दोन्हींचा भर, नावांतच आहे त्याप्रमाणे, पूल आणि स्नूकरवर होता. मोबाइलवर सर्रास खेळले जाणारे गेम मात्र चेंडूला कॅरमची सोंगटी समजतात, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. सोंगटी घसरत जाते. चेंडू आधी थोडा घसरतो आणि मग लोळू लागतो. या लोळण्यातच बिलियर्ड्सची निम्मी विद्या भरलेली आहे.

हे एका फटक्यावरून सांगतो. बिलियर्ड्स शिकणाऱ्याला सर्वांत आधी हाफ-बॉल इन-ऑफ शिकवतात. क्यूची, म्हणजे फटका मारायच्या काठीची, रेषा थेट लाल चेंडूच्या कडेवर रोखायची, म्हणजे आपला चेंडू लाल चेंडूच्या अर्ध्या भागावर लागतो. टक्कर होताच लाल चेंडू मूळ रेषेपासून ३० अंशांवर एका बाजूला जातो आणि आपला चेंडू दुसऱ्या बाजूला ६० अंशांवर निघतो, कारण सारख्या वजनाच्या दोन चेंडूंच्या वाटा टकरीनंतर साधारण काटकोनात फाकतात. सोंगट्यांचा हिशेब असता तर गोष्ट इथेच संपली असती. परंतु आपला चेंडू लोळत आलेला असतो, त्याची पुढे लोळण्याची गिरकी टकरीतही बहुतांशी शाबूत राहते आणि तीच त्याला कापडावर पुन्हा पुढच्या दिशेला ओढते. त्यामुळे त्याची वाट वळते, आणि वळून सरळ होते तेव्हा ती मूळ रेषेपासून सुमारे ३४ अंशांवर असते. गंमत अशी की नेम थोडा जाड (लाल चेंडूच्या मध्याकडे) किंवा थोडा बारीक (कडेकडे) झाला तरी हा कोन फारसा बदलत नाही. या सवलतीच्या भरवशावरच खेळाडू इन-ऑफमागून इन-ऑफ करत शंभराचा ब्रेक उभारू शकतो. ज्या गेममध्ये पांढरा चेंडू ६० अंशांवरच निघून जातो, त्यात बिलियर्ड्स खेळणे अशक्य आहे, आणि तो गेम खेळून टेबलाशी आलेल्या मुलाला तर आधी शिकलेले सगळे विसरावे लागते.

हे गणित नवे नाही. गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या चेंडूंवर अख्खे पुस्तक लिहिले. मोसमी वाऱ्यांच्या धड्यात ज्याच्या नावाचे बल आपण शिकतो, तोच हा कोरिओलिस. घसरणाऱ्या चेंडूची वाट पॅराबोला असते हे त्याने तेव्हाच दाखवून दिले होते. म्हणजे दोन टकरींच्या मधला चेंडूचा प्रवास सूत्राने काढता येतो, आणि तोही तीनच चेंडूंचा. आजच्या साध्या मोबाइलला हा हिशेब काहीच नाही. अडचण यंत्राच्या ताकदीची नसून करणाऱ्याच्या आस्थेची आहे.

दुसरी तक्रार नेमाच्या रेषेची. यातल्या बहुतेक गेममध्ये टेबल वरून दिसते आणि चेंडू कुठे लागेल, लागून कुठे जाईल याची रेषा आधीच आखलेली असते. काही ठिकाणी तर गेममधली नाणी खर्चून घेतलेल्या महागड्या क्यूबरोबर ती रेषा लांब होत जाते. नेम बाजारात विकत मिळत असेल तर मुलाने शिकायचे काय? खऱ्या गेममध्ये डोळा क्यूच्या मागे, क्यूच्या उंचीला असावा, रेषा नसावी, आणि फटका झाल्यावर मात्र चेंडू कुठे लागला, जाड की बारीक, हे सावकाश दाखवावे.

तिसरी गोष्ट कापडाची. ती मी गोव्याचा म्हणून अधिक आग्रहाने मांडतो. स्नूकर-बिलियर्ड्सचे कापड लोकरीचे असते आणि त्याला लव असते. मंद चेंडू त्या लवीच्या दिशेने किंचित सरकतो आणि साइड दिलेला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला मारून गिरकी दिलेला, चेंडू लवीबरोबर एक वागतो, लवीविरुद्ध दुसरे. पावसाळ्यात तेच कापड हवेतली ओल शोषून घेते आणि एप्रिलमध्ये पलीकडच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागून परत येणारा चेंडू जुलैत अर्ध्या वाटेत बसतो. मोठ्या स्पर्धांत यासाठी कापडाखालच्या दगडी स्लेटखाली हीटर लावतात. आमच्या क्लबात ते काम मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारा आणि गुण मोजणारा माणूस, करतो. तो आधी डीकडून (जिथून खेळ सुरू होतो त्या अर्धवर्तुळाकडून) पलीकडच्या टोकाकडे, नेहमी त्याच दिशेने, ब्रश मारतो आणि मग त्याच दिशेने इस्त्री फिरवतो. त्याआधी इस्त्री वर्तमानपत्राच्या कागदावर टेकवून पाहतो, आणि कागद पिवळा पडला तर ती निवेपर्यंत थांबतो. (ते वर्तमानपत्र कोणते, हे मी आपल्याला सांगत नाही.) मला हव्या असलेल्या गेममध्ये जूनचे आणि जानेवारीचे टेबल वेगवेगळे निवडता यावे, आणि गुण पुकारणारा, चुकीचा फटका निवडला तर घसा खाकरणारा एक मार्करही असावा. भारतातल्या कित्येक खेळाडूंना हा खेळ मार्करांनीच शिकवला, आणि पदके वाटताना त्यांची आठवण क्वचितच होते.

यावर कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ टेबलेच वाढवा. वाढवावीत, माझी ना नाही. पण पूर्ण मापाचे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते, त्याच्या चारही बाजूंना क्यू फिरवायला साधारण २२ फूट बाय १६ फुटांची खोली लागते, पाच तुकड्यांत बसवलेल्या स्लेटसकट त्याचे वजन टनाच्या वर जाते, आणि किंमत लाखांत असते. पणजी-मडगावच्या क्लबांतली टेबले सभासदांसाठी असतात. सत्तरी किंवा काणकोणातल्या मुलाच्या वाट्याला असे टेबल सहज येईल, असे मला तरी नजीकच्या काळात दिसत नाही. मोबाइल मात्र त्याच्या घरी आहे. पडद्यावर त्याचा हात तयार होणार नाही हे मला मान्य आहे. क्यू सरळ रेषेत चालवणे, ब्रिज धरणे (क्यू टेकवायला बोटांचा आधार करणे), खांदा स्थिर ठेवणे हे टेबलावरच यायचे. परंतु कोणता फटका निवडावा, त्यानंतर तिन्ही चेंडू कुठे थांबवावेत, लाल चेंडू वरच्या टोकाला कसा राखावा, हा विचार पडद्यावर पुरेपूर शिकता येतो, आणि बिलियर्ड्समध्ये विचाराचा वाटा हातापेक्षा कमी नाही.

जुगाराची शंका गोव्यात निघणारच, कारण मांडवीतली कॅसिनो जहाजे आपण रोज पाहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. मी सुचवतो त्या गेममध्ये पैज, नाणी, विकत घ्यायची क्यू, यांपैकी काहीही नसावे, आणि हे तो बनवतानाच ठरवावे. एकदा नाणी आत शिरली की ती बाहेर काढणे कोणाला परवडत नाही.

आता हे करायचे कोणी? फर्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयआयटीचे वर्ग तिथेच भरतात, झुआरीनगरला बिट्स आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प लागतात आणि हजेरीपटाचे ॲप यापूर्वी पुष्कळांनी करून झाले आहे. त्यांनी मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने खऱ्या टेबलावर मोजमाप घ्यावे: चेंडू किती अंतर घसरतो आणि कुठे लोळू लागतो, कुशनवरून किती वेग घेऊन परततो, पावसात आणि थंडीत यात किती फरक पडतो. ही आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवावी. गोवा क्रीडा प्राधिकरणाने या कामाला छोटेसे अनुदान द्यावे, आणि गेममधल्या सूचना मराठीत व कोकणीत असाव्यात, म्हणजे ‘स्टन’ (चेंडू टकरीच्या वेळी न लोळता घसरत असणे) आणि ‘स्क्रू’ (चेंडूला मागे फिरणारी गिरकी देणे) मधला फरक मुलाला त्याच्याच भाषेत समजेल.

आमच्या क्लबाचे टेबल दुपारच्या वेळी रिकामेच असते. मोजमापासाठी विद्यार्थी येणार असतील तर मी समितीकडे शब्द टाकीन. मार्करला विचारले आहे, त्याची हरकत नाही. कापडावर कोपर टेकायचे नाही आणि चॉक टेबलाच्या कडेवर ठेवायचा नाही, एवढ्याच त्याच्या अटी आहेत.

आपला,
एक वाचक, फोंडा