औंधहून आल्यावर

प्रिय दत्तूस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लांबलं, कारण मध्ये औंधला जाऊन आलो, तेही तुझ्यामुळेच. नगरपंचायतीत निवडून आल्याआल्या विचारतोस, गावात वस्तुसंग्रहालय काढलं तर लोक वेड्यात काढतील का? काढतील की! आधी गटारं कर म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

सातवीतली आपली औंधची सहल आठवते? मास्तरांनी अर्ध्या तासात शिट्टी मारून बाहेर काढलं होतं. या वेळी अख्खा दिवस तिथेच काढला.

खटाव तालुक्यातलं एवढंसं गाव, आणि यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. आत रविवर्म्याची, धुरंधरांची चित्रं आहेत, जुनी लघुचित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडी शिल्पही आहे. त्या शिल्पासमोर मी तोंडावर अभ्यासू भाव आणून उभा होतो. देवीचं दर्शन घेऊन आलेली एक आजी शेजारी थांबली, कपाळावर मळवट तसाच. म्हणाली, "मायलेकरू हाय की." आणि पुढे गेली. संग्रहालय देवीच्या वाटेवर का बांधलं, ते मला तिथे कळलं. निदान मी तरी तसं समजतो.

हा राजा स्वतः चित्रं काढायचा, हे विसरू नकोस. १९१६ सालचं 'चित्ररामायण' त्याचंच. कीर्तनं करायचा, सूर्यनमस्कार घालायचा आणि शाळेतल्या पोरांनाही घालायला लावायचा (आपण तेव्हा तिथे असतो तर पळून गेलो असतो). १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही तोच. एवढे नाद असलेल्या माणसाने राज्याचं वाटोळं केलं असेल असं वाटतं ना? पण लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी निवडुंगाने भरलेला माळ याच संस्थानात मिळाला. त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. आटपाडीजवळ कैद्यांसाठी बिनभिंतीची वसाहत झाली, स्वतंत्रपूर, तीही याच्याच काळात.

तू आता राजकारणात पडलास म्हणून मुद्दाम सांगतो. सत्तरी गाठल्यावर या माणसाने सत्ता सोडायचं ठरवलं. मुलगा अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार केली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली आणि गावोगावच्या निवडलेल्या पंचायतींवर कारभार आला. तेव्हा सगळा देश इंग्रजांकडे स्वराज्य मागत होता, आणि इथे राजा आपणहून रयतेला ते देत होता. अर्थात चित्रं घ्यायला पैसा होता तो संस्थानचा, म्हणजे शेवटी रयतेचाच. हे तिथे कुणी सांगत नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

१९४८ साली संस्थान विलीन झालं, १९५१ साली बाळासाहेब गेले. संग्रहालय आता सरकारी आहे.

तुझ्याकडे संस्थान नाही, पण तुझ्या माळ्यावर काय आहे ते मला ठाऊक आहे. आजोबांची पितळी मापं, पायली, अधोली, शेर; ते अडकित्ते; आणि बाजारच्या जमाखर्चाच्या मोडीतल्या वह्या. त्यांना वाळवी लागली नसेल तर आधी त्या खाली उतरव आणि सावलीत पसर. उन्हात नको, कागद कडक होऊन तुटतो. इमारतीचा ठराव नंतर मांड. प्रत्येक वस्तू कुणाच्या घरची, कशी वापरायची, ते म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घे. आबाकाकांपासून सुरुवात कर, त्यांना वजनंमापं तोंडपाठ आहेत. फक्त जेवणानंतर जाऊ नकोस, झोपलेले असतात.

दिवाळीत चार दिवस येतो. मोडी मला जेमतेम लागते, पण वाचू दोघं मिळून. भंगारवाला दारात आला तर वहिनींना सांगून ठेव, पायली द्यायची नाही.

आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्री